पातं निजेपर्यंत

दिवाळीत सुरतेतलं गोडादरा ओस पडतं. लूमच्या खात्यांना, म्हणजे यंत्रमागांच्या शेडना, कुलपं लागतात आणि माणसं बोचकी बांधून धुळे-नंदुरबारची वाट धरतात. शहाण्णवच्या दिवाळीला हिलाल मात्र गावी गेला नाही. अठरा वर्षं पत्र्याखाली बारा-बारा तास लूम चालवलेला हा माणूस सुट्टीभर लोळत पडला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. पण त्यानं सुट्टीतही काम धरलं, आणि तेही ट्रॅक्टरवर बसायचं.

"तुम्हले येड लागनं का?" त्याची बायको भागीरथी म्हणाली. "चार दिन आराम करा ना."

तिला कारण ठाऊक होतं, तरी बायकोनं एकदा म्हणून ठेवावं लागतं. तापीकाठच्या गावी, मिसरूड फुटायच्या वयात, हिलालनं दुसऱ्याचा ट्रॅक्टर दोन हंगाम चालवला होता. मग सुरत आली, लूम आले आणि आभाळ फक्त चहाच्या सुट्टीत दिसू लागलं. अठरा वर्षांत त्याला स्वप्नात एकदाही लूम दिसला नाही. दिसायचा तो ट्रॅक्टरच, आणि त्यावर बसलेला तो स्वतः, कुठेही पोहोचायची घाई नसलेला.

काम गजेंद्रचं होतं. गजेंद्र मूळचा त्यांच्याच तालुक्यातला, पण जन्मला-वाढला सुरतेत. मोकळे प्लॉट साफ करून द्यायचा ठेका तो घेई. दोन वर्षांपूर्वीच्या प्लेगनंतर सुरतेला स्वच्छतेचा असा काही ध्यास लागला होता, की प्लॉटवर गवत वाढलं की मालकालाच घाम फुटायचा. त्यामुळे गजेंद्रची चलती होती. त्यानं ट्रॅक्टरला मागे जोडायचा रोटरी कटर घेतला होता. कटर म्हणजे जमिनीलगत चालणारा लोखंडी डबा, आणि त्याच्या पोटात पंख्यासारखी गरगर फिरणारी दोन जाड पाती. पुरुषभर गवत, वेड्या बाभळीची अंगठ्याएवढी खोडं, सगळ्याचा तो भुगा करी.

"देवदिवाळीनंतर खाती उघडतील, काका," गजेंद्र म्हणाला. "तोवर पर्वत पाटियाकडचा हा नऊ एकरांचा तुकडा साफ करा. मशीन साबूत, माणूस साबूत, तर सीट तमारी, कायमची तुमची. नाहीतर लूम आहेच."

हिलालनं मान डोलावली. गजेंद्रच्या ओठांवरून त्याला सगळं समजलं होतं. कानांनी फार थोडं पोहोचलं होतं, कारण अठरा वर्षांच्या खटखटीनं त्याचे कान खाल्ले होते. खात्यात सगळेच ओठांनी आणि हातवाऱ्यांनी बोलतात, त्यामुळे तिथे बहिरा कोण हे कळायला मार्गच नसतो. ही गोष्ट एकट्या भागीरथीला ठाऊक होती. हिलाल स्वतः ती अजून कबूल करायला तयार नव्हता.

मशीन शिकवायला गजेंद्रनं लोटू आप्पाला पाठवलं. लोटू आप्पा साठीचा, काटक, ट्रॅक्टरवर हयात घालवलेला. पहिल्या दिवशी त्यानं किल्ली खिशातून बाहेरच काढली नाही.

"आज ट्रॅक्टर नही. आज फक्त पाय," तो म्हणाला. "गवतना पोटमा काय शे, तुले ठाऊक शे का?"

दिवसभर दोघांनी नऊ एकर पायाखाली घातलं. गवताच्या पोटात दगड होते, काटेरी तारेचं भेंडोळं होतं, मोडक्या लूमचा लोखंडी रूळ होता, आणि एक उघडा खड्डा होता, त्यात अख्खा ट्रॅक्टर बसला असता. उचलण्यासारखं ते उचललं. न उचलण्यासारख्यापाशी काठी रोवून लाल चिंधी बांधली. चिंध्या भागीरथीनं जुन्या साडीच्या फाडून दिल्या होत्या. संध्याकाळी बांधावर उभं राहिलं, तर पांढऱ्या तुऱ्यांच्या त्या समुद्रात ठिकठिकाणी लाल ठिपके दिसत होते. हिलालला ते फार आवडलं.

लोटू आप्पाचे नियम पुष्कळ होते आणि तो ते अंगाई गावी तसे पुन्हापुन्हा म्हणे. दव सुकल्याशिवाय सुरू करायचं नाही. पातं जमिनीपासून वीतभर वर ठेवायचं, मातीला शिवू द्यायचं नाही. गवत दाट असलं की वेग कमी करायचा, आणि कटरची अर्धीच रुंदी गवतात घालायची. खाडीकडच्या उतारावर आडवं जायचं नाही, सरळ वर आणि सरळ खाली. गळ्यात रुमाल नको, सदरा खोचलेला हवा. आणि पातं फिरत असताना शंभर पावलांच्या आत माणूस नको, कारण पात्याखालून उडालेला दगड कोण, कुणाचा, ते विचारत नाही.

शेवटचा नियम सांगताना मात्र त्यानं हिलालच्या दंडाला धरून त्याला कटरच्या मागे नेलं. तिथे दगड अडवायला साखळ्यांची झालर लोंबत होती.

"ट्रॅक्टर बंद करा तरी पातं फिरत ऱ्हास," तो सावकाश म्हणाला. "त्याले कोनी सांगेल नही का मालक थांबना. ह्या साखया देख. जठलोंग हालतस, तठलोंग उतरू नको. साखया जपन्या का पातं जपनं."

साखळ्या निजल्या की पातं निजलं. हिलालनं ते मनात ठेवलं.

मग सुरू झाले ते दिवस. काशी गवताचे तुरे सीटच्या उंचीला येत होते. गवतात शिरलं की ट्रॅक्टर बुडून जाई आणि वर उरे फक्त हिलाल, पांढऱ्यावर तरंगणारा. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटे, एक माणूस बसल्याबसल्या शेतातून सरकतो आहे. मागे बगळे येत, पण अंतर राखून, जणू लोटू आप्पानं त्यांनाही दम भरला होता. हिलालच्या कानात लूमची खटखट कायम घर करून होती, झोपेतही ती सोडत नसे. सीटवर बसल्यावर तीच खटखट हळूहळू विरघळत जाई आणि तिचं पाणी होई, गावच्या उतारावरून दगडांवरून वाहणारी तापी. हीच तापी पुढे सुरतेत येते, हे त्याला शाळेपासून ठाऊक होतं. पण ती आपल्याला भेटायला आली आहे, असं या आठवड्यात पहिल्यांदाच वाटलं. तो सुखात होता. इतक्या सुखात, की त्याला भीती वाटे.

दिवसातून चार-पाच वेळा तो थांबे. कटर फिरवणारी लिव्हर मागे घेई, कटर टेकवी, इंजिन बंद करी, किल्ली खिशात टाकी आणि मान वळवून साखळ्यांकडे बघत बसे. आधी त्या थरथरत, मग नुसत्या झुलत, मग एकेक करून निजत. तो वेळ त्याला सगळ्यांत प्रिय झाला.

अकराव्या दिवशी दीड एकर उरलं होतं. रात्रीतून कुणीतरी टाकाऊ सुताची पोती गवतात रिकामी केली होती. सुरतेत मोकळी जागा दिसली की लोकांचे हात असे सैल सुटतात. सकाळी हिलाल त्या बाजूनं फिरला नव्हता. एकदा पाहिलंय, पुन्हा काय पाहायचं, असं त्याला वाटलं, आणि तिथेच तो चुकला.

सीटखाली थरथर बदलली. त्यानं मागे पाहिलं. कटरच्या बुडाशी केशरी सूत गुंडाळलं जात होतं. त्यानं लिव्हर ओढली, कटर टेकवला, इंजिन बंद केलं, किल्ली काढली. इथवर सगळं बरोबर झालं. मग त्याला तो धागा दिसला. कडेपासून ताणलेला एक धागा, आणि त्याच्याशेजारी तुटून लोंबणारा दुसरा.

अठरा वर्षं लूमवर तुटलेली तार, म्हणजे सुताचा धागा, दिसली की हात जायचा. लूम थांबवून तार जोडत बसला असता, तर शेठनं त्याला कधीच घरी बसवलं असतं. चालत्या लूममध्ये हात घालून चिमटीनं गाठ मारायची, हेच त्याचं कसब होतं. आता खाली उतरायचं त्यानं ठरवलं नाही, पाय आपोआप उतरले. तो गुडघ्यावर बसला. सगळीकडे शांत होतं, म्हणजे त्याला शांत वाटत होतं. त्यानं साखळ्यांखाली हात घातला आणि धागा चिमटीत धरला.

धागा बोटांतून सर्रकन निघून गेला. कातडीवर रक्ताची बारीक रेघ उमटली. त्याच क्षणी मनगटाला साखळी लागली आणि ती थरथरत होती.

हिलालनं हात मागे खेचला तो मागेच कोसळला. आभाळ दिसलं, आणि आभाळात भागीरथीचा चेहरा. जेवणाचा डबा कुठेतरी टाकून ती गवताच्या खुंटांवरून अनवाणी पळत आली होती. तिचे ओठ हलत होते.

"कितल्या हाका मार्‍यात मी तुम्हले. कितल्या!"

तिला बांधावरूनच पात्याची घरघर ऐकू येत होती. त्याला आली नव्हती. ती त्याचा हात उलटापालटा करून बोटं मोजत बसली. पाच भरल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

भागीरथी कुणाला सांगणार नव्हती, हे त्याला माहीत होतं. दीड एकर दोन दिवसांत झालं असतं आणि सीट त्याची झाली असती. पण त्याची नजर बांधापासून त्याच्यापर्यंत आडव्या झालेल्या गवतावर गेली. शंभर पावलांच्या आतून ती पळत आली होती, पातं फिरत असताना. एक दगड उडाला असता तर ती पाठीमागे पडली असती आणि त्याला पडण्याचा आवाजसुद्धा आला नसता. मग त्याला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

संध्याकाळी गजेंद्र आणि लोटू आप्पा पाहणीला आले. हिलालनं किल्ली गजेंद्रच्या हातावर ठेवली.

"माले ऐकाले येत नही, गजेंद्रभाऊ. आज हात जाता जाता ऱ्हायना."

गजेंद्रनं किल्ली मुठीत घेतली. "साचुं, खरं बोललात काका, पण आता तुम्हाला मशीन कसं देऊ?"

"माले पहिला दिनपासून ठाऊक व्हतं," लोटू आप्पा मध्येच म्हणाला. त्यानं तोंड मुद्दाम हिलालकडे केलं होतं. "बाकीना पोऱ्यास्ले मी सांगस, कान दे. तुले साखया दखाड्यात. साखयास्नं काय चुकनं नही. चुकना तू, सूत देखीसन." मग तो गजेंद्रकडे वळला. "ज्यास्ले कान शेतस त्यास्नी दोन पाती मोडी टाक्यात. यानं एक बी मोडनं नही. याले कान पाहिजेत, तर त्या बांधवर बठेल शेतस."

गजेंद्रनं बांधाकडे पाहिलं. भागीरथी सांडलेल्या डब्यातल्या भाकरी झटकत होती. तो हसला. दोघांची रोजी लावीन, म्हणाला, पण रोज सकाळी आधी पाय, मग ट्रॅक्टर, आणि बाईंनी खूण केल्याशिवाय काका उतरणार नाहीत. लाल चिंधी वर म्हणजे पातं फिरतंय. खाली म्हणजे उतरा.

दुसऱ्या सकाळी हिलाल आधी दीड एकर पायी फिरला आणि सुताचा शेवटचा गुंता उचलून बाहेर टाकला. दव सुकल्यावर गवतात शिरला. दुपारी पहिल्यांदा थांबला, सगळं बंद केलं आणि मागे वळला. साखळ्या थरथरल्या, झुलल्या, एकेक करून निजल्या. त्यानं बांधाकडे पाहिलं. शंभर पावलांवर भागीरथी उभी होती, आणि चिंधी अजून वर होती.

तो थांबला. साखळ्या हलत नव्हत्या, चिंधी खाली येत नव्हती. उरलेले तुरे वाऱ्यावर वाकत होते, बगळे दूर उभे होते. उतरावंसं वाटलं तरी आता तो स्वतःच्या डोळ्यांवर विसंबणार नव्हता. कितीतरी वेळानं चिंधी खाली आली.

जेवायला बसल्यावर त्यानं विचारलं, "इतला येळ फिरी ऱ्हायंतं का?"

भागीरथीनं भाकरी मोडली. तिचे ओठ त्याला नीट दिसावेत म्हणून मान वर केली.

"पातं कव्हयच जपनं व्हतं," ती म्हणाली. "तुम्हीन तठे बठेल बरा दिखतस, म्हनीसन मी हात खाले घिदा नही."