नाक कापून घ्यायची तारीख

अबुधाबीतल्या त्या हॉटेलच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बँकवाले, तेल कंपनीवाले, त्यांच्या बायका, सगळी शिकलीसवरलेली मंडळी 'सत्यदर्पणा'समोर रांग लावून उभी. दर्पणगुरू पुण्याहून आलेले. रेशमी कुर्ता, कानाला माइक आणि जिभेला हाड नाही.

"घरचा आरसा तुम्हाला खूश ठेवतो, हबीबी. हा खरं दाखवतो. जग बघतं तसं स्वतःला बघा. फक्त हलू नका, ऊर्जा तुटते."

माणूस समोर उभा राहायचा आणि त्याचं तोंड उतरायचं. कुणाचं नाक वाकडं, कुणाचा जबडा तिरपा. "सूर्यबाजू घसरलीय, म्हणून प्रमोशन अडलंय," गुरू सांगायचे. भुवई घसरो की हनुवटी, अडलेलं मात्र प्रमोशनच! शेजारच्या टेबलावर क्लिनिकचा माणूस सर्जरीची तारीख द्यायला बसलेला होताच.

लतिकाची तारीख ठरली होती, येता सोमवार. ती शाळेत फिजिक्स शिकवायची. यंदा हेड ऑफ डिपार्टमेंटची खुर्ची दुसरीला गेली आणि बाईंची अक्कल गहाण पडली. गेल्या शिबिरात याच दर्पणात तिला आपलं नाक वाकडं दिसलं होतं. आज शेवटचं दर्शन घ्यायला ती नवऱ्याला घेऊन आली होती.

"मला तर यातही हिचं रोजचंच नाक दिसतंय," ती दर्पणासमोर उभी राहताच मुरलीधर म्हणाला.

"नवऱ्याची नजर मायेची असते," गुरू हसले. लतिकाला ते पटलं.

ती न हलता उभी होती. तेवढ्यात डाव्या नाकपुडीतली चमकी खाजली. न राहवून तिने डावा हात नेला, तर दर्पणातल्या बाईचा हात उजवीकडून वर आला. चमकीही उजवीकडेच. घरच्या आरशात डावी चमकी आजवर डावीकडेच दिसली होती, आणि आठवीला दरवर्षी आरसा शिकवतं कोण?

"गुरुजी, हा आरसा नाही. मागे कॅमेरा लावलेला टीव्ही आहे."

"ताई, ऊर्जा तुटली तुमची."

"तुटू दे. अहो, तुम्ही या इथे. कसे दिसताय?"

मुरलीधर चरकला. "अगं, माझं तोंड वाकडं दिसतंय."

"मला तुम्ही रोजचेच दिसताय." मग ती वर्गात बोलावं तशी बोलली. "कुणाच्याच चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. आरशात आपण स्वतःला उलटं बघतो आणि त्याचीच सवय होते. इथे सुलटं दिसतं, म्हणून ज्याचा चेहरा त्यालाच तो वाकडा वाटतो. जोडीजोडीने उभे राहून बघा."

लोकांनी बघितलं. नवरे बायकांकडे, बायका नवऱ्यांकडे बघून हसू लागल्या. क्लिनिकवाला टेबल आवरून कधी सटकला, कळलंसुद्धा नाही.

"म्हणजे सोमवारचं खलास?" गाडीत मुरलीधरने विचारलं.

"खलास. खुर्ची गेल्याचं दुःख होतं, आणि मी नाक कापून घ्यायला निघाले होते."

श्वास अडत असेल, किंवा स्वतःलाच वर्षानुवर्षं खुपत असेल, तर नाक जरूर दुरुस्त करा. त्यात पाप नाही. पण परवानाधारक सर्जनकडे जा, धोके विचारा, घाई करू नका. आणि आधी स्वतःला एक विचारा: हे मला खुपतंय, की कुणीतरी खुपवलंय? हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात. नाकावर सुरी चालवण्याआधी मात्र आरसा कुणाचा आहे ते बघावं.