लाल ठिपक्याचा फ्यूज

तारांचं काम मी बापाकडून शिकले. संशय घ्यायला मात्र कुणी शिकवलं नाही, तो अंगचाच आहे. चौकातल्या माझ्या दुकानात रोज दहा-बारा गाड्या येतात. कुणाचा हॉर्न मुका झालेला, कुणाची बॅटरी उतरलेली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना मी मार्गाला लावते. आणि माझ्याच घरची मोटरसायकल दोन आठवड्यांत सहा वेळा दारात बंद पडली. शेजारीण म्हणाली, दिव्याखाली अंधार. वरवर हसले मी, पण लागलं ते बोलणं.

नवरा सकाळी मुलीला शाळेत सोडतो आणि तसाच कामावर जातो. बंद पडायची तऱ्हा ठरलेली. मुलगी दप्तर घेऊन मागे बसायला आली, याने किल्ली फिरवली, की गाडीत जीव नाही. ना दिवा, ना हॉर्न.

"फ्यूज उडाला वाटतं," हा म्हणायचा.

"थांबा, मी बघते."

"राहू दे गं, तुला दुकान उघडायचंय."

मग मुलगी बसने जायची. ती वळणाआड झाली की पाच मिनिटांत गाडी सुरू. 'नवा फ्यूज टाकला' म्हणून हा एकटाच पसार. ज्या दिवशी फ्यूज उडायचा नाही, त्या दिवशी नेमकं याला कामावर लवकर बोलावलेलं असायचं.

आता फ्यूज काही उगाच उडत नाही. कुठेतरी तार सोलवटते, लोखंडाला टेकते, तेव्हा तो बिचारा स्वतः जळून बाकीच्यांना वाचवतो. म्हणून रविवारी मी अंगणात गाडी उघडली. सीट काढली, टाकी उतरवली. हॅन्डलखाली तारांचा जुडगा वळतो तिथे त्या हमखास घासतात, म्हणून मीटर लावून हॅन्डल चाळीस वेळा इकडून तिकडे फिरवलं. मागच्या दिव्यापर्यंत तार न तार चाचपली. एक ओरखडा सापडेल तर शपथ.

गाडी ठणठणीत आहे म्हटल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. म्हणजे पाणी दुसरीकडेच मुरत होतं. बापाला पोटची पोर बरोबर नको असते, ती कुठे जायचं असलं की? मी पुढचं सगळं मनात रंगवलं. ती कोण असेल, कुठे राहत असेल, माझ्यापेक्षा किती वर्षांनी लहान असेल. हा अलीकडे घुम्यासारखा बसायचा, विचारलं तर ताकास तूर लागू द्यायचा नाही. पंधरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मी त्याच्या शर्टाचा वास घेतला. साबणाचाच आला. त्याचासुद्धा मला राग आला.

रविवारी संध्याकाळी गाडी जोडताना मी नवा फ्यूज बसवला आणि त्याच्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका ठेवला. अगदी मोहरीएवढा. कुणाला काही बोलले नाही.

सोमवारी सकाळी मुलगी दप्तर घेऊन आली, याने किल्ली फिरवली, गाडी मेलेली.

"मी बसने जाते," मुलगी लगेच म्हणाली.

"तू थांब," मी म्हटलं. "दोघंही थांबा."

बाजूचं झाकण काढून फ्यूज ओढला. आतली तार तुटलेली, बरोबर. पण ठिपका कुठेच नाही. मी सरळ नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात हात घातला. माझा लाल ठिपक्याचा फ्यूज तिथे होता, धडधाकट.

"अहो, फ्यूज उडाला की चालत खिशात जाऊन बसतो का?"

त्याने गाडीची किल्ली काढून मुठीत धरली.

"कोण आहे ती?" पोरीसमोर विचारू नये हे कळत होतं, तरी मी विचारलं.

"कोण ती?" तो खरोखर गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मग पायरीवर बसला. "दोन आठवड्यांपूर्वी, ही मागे होती. सिग्नल ओलांडला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. हातात हॅन्डल आहे हेच कळेना. भान आलं तेव्हा गाडी कडेला उभी होती. त्यानंतर हिला मागे बसवायची छातीच होत नाही."

"आणि स्वतः रोज जाताय त्याच गाडीवर?"

"कामावर जायला नको?"

मला इतका राग आला की बोलताना माझा आवाज चिरकला. "गाडी कडेला आपोआप उभी राहिली का?"

"मी मागून हात घालून किल्ली बंद केली," मुलगी म्हणाली. "आणि हॅन्डल धरलं."

तेरा वर्षांची पोर. मी तिच्याकडे वळले. "म्हणजे तुला सगळं माहीत होतं. आणि मला सांगितलं नाहीस?"

"बाबा नको म्हणाले." ती दप्तराचा पट्टा पिळत होती. "आणि तू आधी चूक कुणाची ते शोधतेस, आई. कुणाला लागलंय का, ते नंतर विचारतेस."

दोन आठवडे ही दोघं माझ्यापासून लपवत होती, आणि मी घरात तिसरीच बाई शोधत होते. मला स्वतःचीच लाज वाटली. मी नवऱ्याशेजारी पायरीवर बसले. त्याचा हात हातात घेतला तर तो गार होता.

"असं किती वेळा झालं?" मी होईल तितक्या हळू विचारलं.

"एकदाच गं," तो म्हणाला.

"चार वेळा," मुलगी म्हणाली. "दोनदा जिन्यात. एकदा न्हाणीघरात पडले, काल. तुला हाक मारत होते ते. तू अंगणात गाडी उघडून बसली होतीस."