निरंक

नोकरीच्या अठरा वर्षांत दीपालीने ‘निरंक’, म्हणजे शून्य, हा शब्द शेकडो वेळा लिहिला होता. वरच्या कार्यालयाकडून तक्ता यायचा, अमुक किती, तमुक किती. माहिती गोळा करायचा कंटाळा आला की रकान्यात निरंक लिहायचं, साहेबांची सही घ्यायची आणि पाठवून द्यायचं. कुणी उलटून विचारत नसे. त्यामुळे लेकीच्या शाळेच्या फलकावर आरोग्याच्या तक्त्यात ‘मधुमेह असलेले विद्यार्थी’ यापुढे तोच शब्द दिसला, तेव्हा ती जागीच थांबली.

शाळेचा दोष नव्हताच. वैष्णवीला सहाव्या वर्षी मधुमेह निघाला, तेव्हा सासूबाईंनी बजावलं, मुलीची जात आहे, बाहेर ब्र काढायचा नाही. दीपालीने मुकाट्याने मान डोलावली आणि शाळेत थायरॉईड सांगितलं. सुरुवातीला डब्याच्या निमित्ताने येऊन तीच दुपारचं इन्सुलिन देऊन जायची. पाचवीपासून पोर स्वच्छतागृहात कडी लावून स्वतः टोचू लागली. आठवीत मैत्रिणी पाठ सोडेनात, तशी ती दुपारचा डोस बुडवू लागली. घरी घेतला म्हणून सांगायची. लपवायला घरानेच शिकवलं होतं, मग रागवायचं तरी कुठल्या तोंडाने?

गेल्या आठवड्यात बिंग फुटलं. दोनदा तपासूनही लघवीतून प्रथिन जात होतं. मूत्रपिंडाला साखरेचा त्रास सुरू झालाय, डॉक्टर म्हणाले, पण वेळ गेलेली नाही. एकही डोस न चुकवता तीन महिने काढा, मग पुन्हा पाहू. पुण्यात अशी किती मुलं असतील, दीपालीने विचारलं.

“कमी नाहीत. पण नेमका आकडा मिळणार कसा?” डॉक्टर कोरडेपणाने म्हणाले. “तुमच्यासारखे लपवतात, शाळा शून्य लिहून मोकळी होते.”

एवढं ऐकूनही आज ती आली होती ती आणखी एक थाप मारायला. थायरॉईडची गोळी दुपारीही घ्यायचीय, पाच मिनिटं सोडा, असं सासूबाईंनी पढवून पाठवलं होतं. फलकापुढे उभ्या उभ्या तिला त्या थापेची शिसारी आली. लोक काय म्हणतील ते म्हणोत, त्यातलं कुणी मूत्रपिंड द्यायला येणार नव्हतं. तिने वैष्णवीला दप्तरासकट वर्गातून बोलावून घेतलं आणि मुख्याध्यापिका कल्याणी मॅडमना सगळं खरं सांगून टाकलं.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. सात वर्षं थायरॉईड होता, तो आज बदलला का, असं त्यांनी शांतपणे विचारलं. तक्त्याची मूळ प्रत टेबलावरच होती. त्यावर सही झालेली आहे आणि खाडाखोड चालत नाही, हेही त्यांनी ऐकवलं.

“रेघ मारून शेजारी लहान सही केली की चालते. मी रोज करते,” दीपाली म्हणाली. “निरंक मला हिच्या लघवीच्या रिपोर्टात हवंय, मॅडम. तुमच्या तक्त्यात नको.”

मॅडमनी तक्ता पुढ्यात ओढला. वैष्णवीचा चेहरा उतरला होता. हे आता वर्गात कळणार होतं. दीपालीने तिला हळूच विचारलं, “लिहू दे ना?”

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. वैष्णवीची मैत्रीण तनया डबा घेऊन दारात येऊन उभी राहिली. वैष्णवीने तिच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि दप्तर उघडलं. मॅडमना वाटलं, लिहायला पेन काढतेय. निघालं ते इन्सुलिनचं पेन. मॅडमच्या समोरच्या खुर्चीत बसून तिने डोसचा आकडा फिरवला, शर्टाचं टोक उचललं आणि सुई टोचली.

“हे काय गं?” तनयाने विचारलं.

“मधुमेह,” वैष्णवी म्हणाली. “सुई दहा मोजेपर्यंत ठेवायची असते. मोज तू.”

तनया मोठ्याने मोजू लागली. तिचे दहा होईपर्यंत मॅडमनी निरंकवर रेघ मारली, वर ‘एक’ लिहिलं आणि शेजारी लहान सही केली.