बाईंची घंटी

चौथा स्विचही बाईंनी दाबला नाही, तेव्हा ओपोकूला घाम फुटला.

कुमासी शहराच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. खाटेला घंटी बसवायची म्हणजे किती वेळचं काम, अशा तोऱ्यात त्याने ते अंगावर घेतलं होतं. बोटेमाबाई त्याच्या तिसरीच्या शिक्षिका. अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा धड राहिला. लेक आफ्रिये मागच्या अंगणात चवळीभात शिजवून विकायची. गेल्या शुक्रवारी बाई खाटेवरून घसरल्या, तासभर जमिनीवर पडून राहिल्या, आणि हिला पत्ताच नाही. आफ्रियेच्या मामांनी बजावलं होतं, रविवारपर्यंत सोय झाली नाही तर बहिणीला गावी नेणार. त्या घरात मामांच्या शब्दापुढे कुणाचं चालत नसे. आज शनिवार होता.

पहिलं बटण दारावरच्या घंटीचं, फार घट्ट. मग टॉर्चचं, मग खेळण्यातलं. शेवटी त्याने जुन्या माऊसमधला स्विच उचकटला. त्यावर नुसती काडेपेटी ठेवली तरी तो लागायचा. दुकानात शंभरदा दाबून पाहिला, एकदाही चुकला नाही. पण बाईंच्या डाव्या हाताखाली ठेवला, की बाई हात चादरीत ओढून घेत.

"दाबा की हो बाई! बोट टेकवलंत तरी वाजेल."

"आई, तुला मामाकडे जायचंय का?" आफ्रियेचा आवाज चिरकला. "नाही ना? मग दाब ना गं!"

बाईंचे डोळे भरून आले. हात चादरीतच.

"ओपोकूदादा, वायरीत तर काही खोट नाही ना?"

"वायर ठणठणीत आहे. मीच बिनकामाचा!"

"असू दे. दोन घास खाऊन घ्या आधी," म्हणत तिने ताट पुढे केलं. ओपोकूच्या उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. त्याने ताट डाव्या हाताने घेतलं.

बाईंनी डोळे वटारले. तिसरीच्या वर्गातलेच ते डोळे! ओपोकूच्या डाव्या तळव्यावर जुनी छडी चुरचुरली. बाईंनीच शिकवलं होतं, डाव्या हाताने घ्यायचं नाही, द्यायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही. वापरावाच लागला तर आधी माफी मागायची. बाईंना तर माफी मागायलाही वाचा नव्हती.

"अरे देवा! मी गाढव आहे, आफ्रिये. स्विच हलका आहे की नाही एवढंच बघत बसलो. त्या डाव्या हाताने बोलवतील का तुला?"

त्याने ताट खाली ठेवलं आणि स्विच उशीला, गालाजवळ बांधला. "बाई, आता फक्त मान कलती करा."

बाईंनी मान कलती केली. घंटी खणखणली. आफ्रियेने आईला मिठी मारली आणि ती ढसाढसा रडली. ओपोकूचा जीव भांड्यात पडला. एवढं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"मामाला सांगते, येऊच नकोस म्हणून! दादा, जेवा आता."

उरलेली वायर गुंडाळत त्याने ताट उचललं. तोच घंटी पुन्हा वाजली. एकदा, दोनदा, तीनदा.

"काय गं आई, काय हवंय?"

बाई ओपोकूच्या हाताकडे बघत होत्या. ताट पुन्हा डाव्या हातात होतं.

"चुकलो, बाई," म्हणत त्याने ते चटकन उजव्या हातात घेतलं, आणि बाईंचा ओठ एका बाजूने हसला.