आठव्या मजल्यावरची फुला

मित्रांनो, माझ्या पाठीवरचा चित्राचा कागद केव्हाच निघून गेला, त्यामुळे मला आता नाव उरलेलं नाही. मी व्हिडिओ गेमची एक जुनी कॅसेट आहे, करड्या रंगाची, तळहातावर मावेल एवढी. विंझरच्या एका घरात कपड्यांच्या ट्रंकेत मी सत्तावीस वर्षं पडून होते. आज टीव्हीशेजारच्या स्टुलावर आहे. परवा रविवार आहे आणि मला त्या रविवारची भीती वाटते. का, ते सांगते.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक हिरवी पट्टी आणि नाण्याएवढा एक गोल सेल बसवला. मला ज्यात बसवून खेळतात ते यंत्र बंद असतानाही खेळ कुठवर आला हे लक्षात ठेवायचं, ते त्या सेलच्या जोरावर. सेल संपला की सगळं विसरायचं. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण तरुणपणी असल्या गोष्टी कोण मनावर घेतं?

माझ्यातला खेळ असा. चार सोबती घ्यायचे, त्यांना नावं द्यायची आणि गावाखालच्या दहा मजली भुयारात उतरायचं. भुयारात अंधार, राक्षस आणि खड्डे. वाटेचा नकाशा मी देत नाही, तो ज्यानं त्यानं कागदावर काढायचा. खाली जो मरतो तो तिथंच पडून राहतो. बाकीच्यांनी पुन्हा उतरून त्याला वर आणलं तर आणलं. मी फार अवघड होते आणि मला त्याचा गर्व होता. माझ्यापायी कुणी हातातलं बटणांचं खोकं भिंतीवर आपटलं की मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

भोरच्या केशवरावांनी मला त्यांच्या मुलासाठी आणलं. मुलगा चार दिवसांत रडकुंडीला आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. पुढे कुंडलिक मोजणीदार त्यांच्या जागेची मोजणी करायला आले, तेव्हा केशवरावांच्या पत्नी शुभाताईंनी मला यंत्रासकट पिशवीत घालून त्यांच्या हाती दिलं. ही लाच नव्हती. असली अडगळ लाच म्हणून कुणी देत नाही.

कुंडलिकांचा मुलगा अमृत तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्यानं सोबत्यांना घरातलीच नावं दिली. बापाचं कुंड, आईचं फुला, स्वतःचं अमृ. चौथं माणूस घरात नव्हतं, म्हणून बैलाचं नाव घेतलं, बंडू. आईला त्यानं वैद्यीण केलं, कारण घरात कुणालाही खरचटलं की हळद घेऊन धावायच्या त्या फुलाबाईच. त्या चुलीपुढून उठून, पदराला हात पुसत टीव्हीमागे येऊन उभ्या राहायच्या.

"माझी फुला कुठवर पोचली रं?"

"सहाव्यात हाय आई. अजून दम हाय तिच्यात."

"जप तिला. तुझा बैल गेला तरी चालंल."

सहा महिन्यांत पोरगा आठव्या मजल्यावर पोचला. इतक्या खोल माझ्यात कुणी आलं नव्हतं. बापाच्या चौकटीच्या कागदांवर त्यानं एकेक मजला पेन्सिलीनं उतरवला होता. पण माझ्या आठव्या मजल्याला हद्दच नाही. पूर्वेच्या टोकातून बाहेर पडलं की माणूस पश्चिमेच्या टोकातून आत येतो. अमृतनं हे ओळखलं आणि नकाशाच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना तो कागद कुंडलिकांच्या नजरेला पडला. त्यांनी उभा जन्म लोकांच्या बांधांची भांडणं मिटवली होती, नकाशे जुळवले होते. उघडी हद्द त्यांना बघवेना. त्यांनी खोडरबर घेतलं, अमृतची एक रेघ पुसून ती एक चौकट सरकवली, दोन्ही बाजू बंद केल्या आणि सगळं कसं चोख जुळवून दिलं. पोराची चूक आपण गुपचूप सुधारली, याचं त्यांना समाधान वाटलं. हात सराईत असल्यानं अमृतला काही कळलं नाही.

त्या दुपारी नकाशात जिथं वाट होती, तिथं माझ्यात खड्डा होता. फुला पडली आणि मेली. बाकी तिघं परतीच्या ताईतानं वर आले. तो ताईत जिवंतांनाच वर आणतो.

अमृतला वाटलं, आपणच नकाशा चुकलो. तो उशीत तोंड घालून रडला. बारावीची परीक्षा जवळ आली होती. मला, यंत्राला आणि नकाशांना ट्रंकेत टाकून त्यानं झाकण लावलं. कुंडलिकांनी ते पाहिलं, काय झालं ते त्यांना उमजलं आणि ते काहीच बोलले नाहीत. एवढ्याशा खेळण्याचं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असावं.

पुढचं सगळं मी ट्रंकेतून ऐकलं. अमृत वेल्ह्याच्या शाळेत शिक्षक झाला. लग्न होऊन अश्विनी घरात आली. तीन वर्षांपूर्वी फुलाबाई तापाच्या दुखण्यानं गेल्या. गेल्या दिवाळीनंतर कुंडलिक विसरायला लागले. आधी चष्मा विसरले, मग वार, मग शेजाऱ्यांची नावं. आणि एक दिवस जेवता जेवता ते म्हणाले, "फुला आठव्यात ऱ्हायलीया. तिला वर आणाय पायजे."

कुणाला काही कळेना. म्हातारपणाचा भ्रम म्हणून सोडून दिलं. पण दर जेवणाला तेच. मग एका सकाळी ते घरात दिसेनात. अश्विनी मळ्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीकडे धावली, तर ते पाचव्या पायरीवर उभे होते. सहाव्या पायरीपासून पाणी सुरू होतं.

"मामंजी, हितं काय करताय?"

"आठवी अजून तीन पायऱ्या खाली हाय," ते शांतपणे म्हणाले. "तू घरी जा, म्या तिला घिऊन येतो."

तिनं दंडाला धरून त्यांना वर आणलं. त्या दिवसापासून दाराला आतून कुलूप लागलं. ते दिवसभर घरात किल्ली शोधत फिरायचे. एकदा त्यांना ती सापडली, तेव्हा अश्विनीनं त्यांना सहाव्या पायरीवर गाठलं. धोतर घोट्यापर्यंत ओलं झालं होतं.

त्या संध्याकाळी ती रडत रडत अमृतला सगळं सांगत होती. आठवी पायरी हे शब्द ऐकून अमृतला माझा आठवा मजला आठवला. मग ट्रंकेचं झाकण उघडलं आणि सत्तावीस वर्षांनी माझ्यावर उजेड पडला.

त्यानं दुरुस्तीच्या दुकानातून एक जुना डबा टीव्ही आणला. माझे पितळी दात खोडरबरानं घासले. बटण दाबलं आणि पडद्यावर चार नावं उमटली, तीन पांढरी, एक राखाडी. कुंडलिक पुढे सरकून बसले. "ती बग फुला," ते म्हणाले. मला मात्र त्याच क्षणी कळलं की माझ्या सेलमध्ये आता नुसती धुगधुगी उरली आहे. हे सांगायला मला तोंड नाही.

रोज शाळेतून आल्यावर अमृत खेळायला बसायचा. गुरुवारी लाईट नसते, तेवढा दिवस सोडून. मित्रांनो, मला दया करता येत नाही. मला जसं घडवलं तशी मी वागते. दोनदा मी त्यांना सहाव्यातून मागे पिटाळलं. तेराव्या दिवशी तिघं आठव्यात उतरले आणि अमृत अडला.

"नकाशात हितं वाट हाय, आबा. आन् पडद्यावर भिंत."

कुंडलिकांनी कागद घेतला. त्यांचं बोट चौकटींवरून फिरलं आणि एका जागी थांबलं. पुसलेल्या रेघेचा खळगा तिथं अजून होता.

"खरी रेघ ही हाय. तुझी. म्या ती हलवली."

"का?"

"हद्द जुळत नव्हती."

अमृतनं तो खळगा बोटानं चाचपला. "मग सांगितलं का न्हाई मला?"

"तू रडत व्हतास. मला सांगवलं न्हाई. तुझी आई लई दिस इचारायची, माझी फुला कुठवर पोचली? म्या म्हनायचो, अमृतला इचार."

अमृतनं पेन्सिल घेतली आणि त्या खळग्यावरून रेघ पुन्हा ओढली. त्या वाटेनं तिघं गेले, फुलाला उचललं आणि एकेक मजला चढत वर आले.

वर गावात देऊळ आहे. तिथं मेलेल्याला उठवता येतं, पण खात्री नाही. डाव फसला तर राख होते आणि नाव कायमचं पुसलं जातं. अमृतचा अंगठा बटणावर होता. "करू का, आबा?"

"नगं. ती गेलीया, मला ठावं हाय. माझ्यासमूर गेली ती." कुंडलिक पडद्याकडं बघत राहिले. "फकस्त तितं अंधारात नगं. वर असू दे."

त्या दिवशी ते दोन भाकरी जेवले. किल्ली शोधली नाही. निजताना म्हणाले, "रविवारी परत लाव रं. फुला वर हाय का, येकडाव बगून घेतो." अमृत म्हणाला, "लावू की."

मित्रांनो, ही बुधवारची गोष्ट. आज सकाळी बंडूचं नाव माझ्या हातून सुटलं. दुपारी कुंड गेलं, आता अमृची अक्षरं जात आहेत. फुलाला मी सगळा जीव एकवटून धरून आहे, पण रविवारपर्यंत मला ते जमणार नाही. अमृत बटण दाबेल आणि पडद्यावर चार रिकाम्या ओळी येतील. कुंडलिक आधी पडद्याकडे बघतील, मग दाराकडे.

मी आयुष्यभर अवघड असण्याचा तोरा मिरवला, आता त्याची लाज वाटते. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याचा सेल वेळेवर बदला. कुणाची रेघ पुसली असेल तर त्याच दिवशी सांगून टाका. आणि विंझरला कुणी जाणारं असेल तर अमृतला माझा एवढा निरोप द्या, मला पुन्हा लावू नको. मी बंद आहे तोवर त्यांच्या लेखी फुला वर आहे.

लवकर जा. आता काही भीती नाही म्हणून अश्विनीनं काल दाराचं कुलूप काढून ठेवलं आहे.