मारुतीचे दोन तास

गजानन मुकादमाला काय मिळणार होतं, त्याचा हिशेब आधी मांडू. कापसाचा हंगाम संपला की सौंसरच्या एका जीनमधली, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातली, माणसं घरी बसत. गजाननला मात्र बारमाही नोकरी मिळणार होती, गोदामाच्या किल्ल्या आणि आवारातली पत्र्याची खोली, बिनभाड्याची. बदल्यात जीनमधल्या चाळीस मजुरांचे अंगठे एका कागदावर घ्यायचे, बस्स! माणूस याहून स्वस्तातही विकला जातो. गजाननला तसा बरा भाव आला होता.

रेच्यांवर, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांवर, कापूस टाकायला बाया आणि रुईच्या गाठी उचलायला गडी. नऊ तास भरले की भोंगा वाजे, पण घरी कोणी जात नसे. पुढचे दोन तास मारुतीचे! नवे रेचे बसवताना मालक रामाजी शेठ जामसांवलीच्या हनुमानाला नवस बोलले होते, दरसाल जयंतीला भंडारा घालीन म्हणून. मजुरांना त्यांनी सांगितलं, "हे दोन तास देवाले द्या. पुण्य सगळ्यायचं." रोजी आधीच सरकारी दराहून कमी, त्यात हे दोन तास फुकट. पण देवाचे तास मोजायचे कोणी? बाया हात जोडून कामाला लागत. मजुरी बुडवणाऱ्याच्या पाया मजूरच पडत होते, ही शेठची खरी कमाई!

ते साल शहाऐंशीचं. कामगार खात्याचे साहेब सोमवारी छिंदवाड्याहून येणार, अशी कुणकुण लागली. शेठनी लगेच कागद तयार केला. 'जादा कामाची मजुरी आम्ही स्वखुशीने देवाला दान केली आहे.' शनिवारी संध्याकाळी गजानन शाईची डबी घेऊन बसला. पहिला अंगठा म्हाताऱ्या कलाबाईचा. मागून एकेक येत गेला. शेवटी प्रमिला उभी राहिली.

"मुकादम, एक विचारू का?"

"अंगठा लाव, मंग विचार."

"आधी विचारते. आमी जयभीमवाले. आमच्या घरी मारुती नाई. मंग माह्ये दोन तास कोणाच्या नावानं गेले?"

एक गडी फिस्सकन हसला. कलाबाई उसळली, "तोंड सांभाळ वं! शनवारी देवाची मस्करी करून राहिली?"

"देवाले मी काई म्हणत नाई, काकू. परवा लेकरू तापानं फणफणलं व्हतं. भोंग्यासंगं घरी गेली असती त दवाखाना उघडा भेटला असता."

शेठ ऑफिसच्या दारात येऊन उभे होते. "गजानन, जिचा अंगठा नाही, तिले सोमवारपासून सुट्टी. तिच्या नवऱ्यालेही."

नवरा दादाराव गाठीवर बसला होता, तो हललाच नाही. खालच्या आवाजात म्हणाला, "लाव ना वं. चूल कशी पेटवशीन?"

"सोमवारी सांगते," प्रमिला म्हणाली आणि निघाली.

घरी गजाननची बायको अलका शनिवारचा उपास सोडत होती. त्यानं झालेलं सांगितलं. "त्या बाईले देवाची भीतीच नाई!"

अलकानं विचारलं, "नवस कोण बोललं व्हतं?"

"शेठ."

"मंग फेडते कोण?"

गजाननानं जेवायची थाळी पुढं ओढली.

"माह्या मायनं जामसांवलीले पायी जायचं कबूल केलं व्हतं. पाय सुजले तिचे. मी म्हटलं, तुह्या बदली मी जाते. त म्हणे, बोलली मी अन् चालशीन तू, त देव मानंन काय? अन् तुमचे शेठ! नवस त्यायचा, हातपाय लोकायचे!"

"तू मले कायदा नोको शिकवू."

"कायदा तुमालेच माहीत हाये. मागच्या साली साहेब आले तवा चहा घेऊन तुमीच उभे व्हते. घरी येऊन हसत सांगतलं नाई मले?"

सांगितलं होतं. नऊ तासांवर काम घेतलं तर त्या वेळेची मजुरी दुप्पट. ठरलेल्या किमान रोजीहून एक पैसा कमी द्यायचा नाही. आणि मजुरानं 'मला नको' असं लिहून दिलं, तरी ते लिहिणं कायद्यापुढं शून्य.

"पन खोली?" गजानन पुटपुटला.

"पत्रे उन्हाळ्यात तापतेतच," अलका म्हणाली.

सोमवारी फाटकाबाहेर कापसानं भरलेल्या बैलबंड्या लागल्या होत्या. प्रमिला आली, पण रेच्याकडे गेली नाही. दादाराव खाली मान घालून तिच्या शेजारी.

"घे अंगठा, नाहीतर काढ बाहेर!" शेठ ओरडले.

गजाननानं शाईची डबी बंद केली. "शेठ, हे अंगठे कामाचे नाईत. कायदा मानत नाई."

"वकील झाला काय बे? मीठ कोणाचं खाऊन राहिला?"

"मीठ तुमचं, शेठ. पन नवसही तुमचाच. थो तुमीच फेडा!"

रेच्यांवरचे हात थांबले. शेठनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आता ही माणसं गजाननवर तुटून पडतील की काय? देवाच्या आड आला म्हणून?

कलाबाई पुढं आली. "खरं बोलला! पोटच्या पोरीनं बोललेला नवस मी फेडला नाई, तिचा तिनंच फेडला, मंग शेठचा काऊन फेडू? मुकादम, माहा अंगठा वापस दे!"

मग काय! ज्यानं त्यानं आपला अंगठा मागितला. गजाननानं कागद उभा फाडला. रेचे थांबलेले, बंड्या खोळंबलेल्या, दुपारी साहेबांची जीप येणार. शेठ व्यापारीच, बंद रेचा किती खातो हे त्यांना कळत होतं. दुपारी साहेब आले, आणि त्यांच्या समोरच थकलेल्या तासांची मजुरी दुप्पट दरानं आणि रोजी सरकारी दरानं द्यायचं शेठनी कबूल केलं.

वाचकहो, दान आपल्या खिशातून करायचं असतं. दुसऱ्याच्या पोटातून काढलं तर ती वसुली, मग ती देवाच्या नावानं का असेना! आणि घामाचा हक्क तर मजुराला स्वतःलाही सोडता येत नाही. कायद्यानं त्याची तेवढी काळजी घेतली आहे. बोलायचं तेवढं आपल्याकडे ठेवलं आहे.

आता कोणी काय मोजलं ते. शेठनी थकबाकी मोजली, आणि त्या जयंतीचा भंडाराही पहिल्यांदाच स्वतःच्या पैशानं घातला. गजाननची बारमाही नोकरी आणि खोली गेली, हंगाम संपताच तो कामावरून सुटला. पांढुर्ण्याला संत्र्याच्या पेट्या भरायला लागला. पुढच्या हंगामात सगळ्यांना बोलावणं गेलं, प्रमिला आणि दादाराव सोडून. म्हणजे फायदा अख्ख्या जीनचा, आणि किंमत भरली दोन घरांनी.