भट्टीत जाळलेलं कार्ड

आई पीठ मळताना गायची. गाणं ठरलेलं नसे. समोर जे येईल ते हातासरशी जुळवायची. न फुगलेलं पीठ, उधारी विसरणारा शेजारी, परीक्षेत गटांगळी खाल्लेली लेक, सगळे तिच्या परातीत एकत्र मळले जायचे. त्यातलं एक पद लेकीच्या कानातून कधी गेलंच नाही.

सही देऊ नये, बाई, शब्द द्यावा भावाला,
शब्द येई माघारी, सही जाई गावाला.

"सही गावाला जाते म्हणजे काय गं?" लेकीने विचारलं होतं.

"जाते म्हणजे जाते," आई म्हणाली होती. "आणि येते तेव्हा एकटी येत नाही."

आई गेली, परात लेकीकडे आली, पुढे तिने स्वतःची पावाची भट्टी घातली. सगळा रस्ता तिला भट्टीवाली म्हणू लागला. आणि आईचं पद पाठ असूनही तिने एक दिवस धाकट्या भावासाठी सही केलीच.

त्याला घरात राघू म्हणायचे. लहानपणी झोपेतसुद्धा बोलायचा. त्याला सायकलदुरुस्तीचं दुकान घालायचं होतं. कर्ज मंजूर होत होतं, पण बँकेला जामीन हवा होता. भट्टीवालीने हातावरचं पीठ झटकलं आणि सही केली. त्या रात्रीपासून तिच्या डोळ्याला डोळा लागेना. म्हणून तिने एक पद्धत घातली. दर महिन्याला हप्त्याची तारीख उलटली, की दुसऱ्या दिवशी सकाळी राघूला फोन.

"हप्ता गेला का?"

"गेला."

एवढंच. तिकडे मुलं कशी आहेत, इकडे गुडघा कसा आहे, काही नाही. हळूहळू तिने त्याच्या घरी जाणंही सोडलं. कामामुळे वेळ होत नाही, असं सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे त्याच्या घरी नवा पंखा दिसला तरी ती मनात हिशेब मांडायला लागायची. हप्ता चुकवून तर आणला नसेल? पुढे एका सकाळी राघू "गेला" म्हणाला आणि वर "शेवटचा होता" असंही म्हणाला. "बरं," म्हणून तिने फोन ठेवला. कागद काही बघितला नाही. मनातला किडा मेला नाही, नुसता झोपला. फोन मात्र तिथून बंदच झाले.

यंदा भट्टीच्या मागच्या भिंतीला तडा गेला. डावीकडचे पाव करपायचे, उजवीकडचे कच्चे राहायचे. अर्ध्यावर भट्टीचं दार उघडायचं, ट्रे फिरवायचे, तेवढ्यात धग निघून जायची. इस्पितळाला रोज सकाळी पाव जायचा. तिथल्या मुकादमाने दोनदा करपलेला पाव परत पाठवला आणि तिसऱ्यांदा निरोप पाठवला, की असंच चाललं तर दुसरीकडून घेऊ. हे गिऱ्हाईक गेलं असतं तर भट्टीला कुलूपच लागलं असतं. नवी भट्टी घ्यायची म्हणजे कर्ज. अर्ज केला. अर्ज परत आला.

"तुमचा क्रेडिट स्कोअर कमी आहे," बँकेच्या कर्जखात्यातली बाई म्हणाली.

"म्हणजे मी नापास?"

"तसंच समजा."

"कुठल्या विषयात, ते तरी सांगा."

बाई हसली. "ते तुमचं तुम्हीच बघितलेलं बरं. स्कोअर म्हणजे नुसते मार्क. ते कशामुळे पडले, ते क्रेडिट रिपोर्टमध्ये असतं. कोणतं कर्ज घेतलंत, कोणत्या कर्जाला जामीन राहिलात, कुठला हप्ता वेळेवर गेला, कुठला रखडला. नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवर जा. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो."

"फुकट?" भट्टीवालीच्या धंद्यात फुकट म्हणजे कालचा पाव.

"फुकट. आणि कुणी पैसे मागितले किंवा कार्डाचा नंबर विचारला, तर समजायचं, आपण चुकीच्या दारात उभ्या आहोत."

पण 'जामीन' हा शब्द ऐकला तिथेच तिचे कान बंद झाले होते. झोपलेला किडा उठून बसला. घरी येईपर्यंत तिने मनात राघूला तीनदा उभा-आडवा घेतला.

"त्याचंच काम हे!" ती नवऱ्याला म्हणाली. नवरा पावाच्या गाडीचं चाक पुसत बसला होता. "शेवटचा हप्ता म्हणे! तोंडावर खोटं बोलला मेला. आता फोन करते आणि असा करते, की आयुष्यभर लक्षात राहील."

"कर की. पण आधी तो रिपोर्ट तर बघ."

"नको. पीठवाला सांगत होता, आपण बघितला की स्कोअर आणखी पडतो."

"पीठवाला तर पोत्यात पन्नास किलो असतं असंही सांगतो. तू मोजलंस तेव्हा किती भरलं होतं?"

पोतं कमीच भरलं होतं. तरी खात्री म्हणून तिने बँकेतल्या बाईला फोन लावला. बाई म्हणाली, "तुमचा तुम्ही कितीदाही बघा, त्याने काही होत नाही. कर्जाचे अर्ज मात्र दहा ठिकाणी करू नका. दर अर्जाला ती बँक तुमचा रिपोर्ट मागवते आणि त्याची नोंद होते."

दुपारी भट्टी निवल्यावर दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. नवऱ्याने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. नाव, जन्मतारीख, ओळखपत्राचा नंबर. मग फोनवर पडताळणीचे आकडे आले, ते तिने मोठ्याने वाचले आणि नवऱ्याने टाकले. मग अवघड प्रश्न आला, आधीचा पत्ता कोणता.

"जुन्या दुकानाचा घाल," ती म्हणाली. "गळक्या छपराच्या."

"गळकं छप्पर लिहायला जागा नाही इथे."

रिपोर्ट उघडला. वर एक आकडा आणि त्याखाली अर्धगोल, लाल ते हिरवा. काटा लाल संपतो तिथेच घुटमळत होता, उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा. तिने आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ खाली गेली, जिथे खाती होती. राघूचं कर्ज सापडलं. 'जामीनदार' म्हणून तिचं नाव. त्याखाली महिन्यांचे चौकोन, एकाला एक लागून. चष्मा वर-खाली करत, एकेका चौकोनावर बोट ठेवत ती पुढे सरकली.

वेळेवर. वेळेवर. वेळेवर.

"हा बघ, हा महिना," ती म्हणाली. "राघू शिडीवरून पडला होता. हात गळ्यात बांधून बसला होता. दुकान बंद होतं."

नवऱ्याने वाकून बघितलं. "वेळेवर."

"आणि हा? त्याच्या धाकटीचा जन्म झाला तो?"

"तोही."

ती शेवटच्या चौकोनापर्यंत गेली. पुढे लिहिलं होतं, खातं बंद, बाकी शून्य. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माणूस हरवलेली वस्तू शोधतो तशी ती चुकलेला हप्ता शोधत होती, आणि तो सापडत नव्हता. तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिचं बोट तिसऱ्यांदा पहिल्या चौकोनावर गेलं.

"मग काटा लाल कशाने?" नवऱ्याने आणखी खाली सरकवलं. "हे काय? क्रेडिट कार्ड. थकीत. थकीत. थकीत. तुझं आहे."

"माझं? छे! ते तर मी जाळलं!"

आणि तिला तो दिवस आठवला. पिठाच्या खरेदीसाठी एकदा तिने कार्ड घेतलं होतं, पहिलं वर्ष बिनशुल्क म्हणून. सगळे पैसे चुकते केले. पण प्लास्टिकच्या तुकड्यावर पोतीच्या पोती घरी येतात याचीच तिला भीती वाटायला लागली. मग पीठ कापायच्या पात्याने तिने कार्डाचे चार तुकडे केले आणि पेटत्या भट्टीत टाकले. असा धूर झाला, की त्या दिवशीच्या पावाला गल्लीतल्या कुत्र्यानेही तोंड लावलं नाही. वर्षभर ती अभिमानाने सांगत होती, "मी हिशेबच जाळून टाकला." भट्टीवालीच ती. तिच्या लेखी जे भट्टीत गेलं ते संपलं.

कार्ड जळालं होतं. खातं जिवंत होतं. दुसऱ्या वर्षी त्यावर वार्षिक शुल्क लागलं. बिल गेलं गळक्या छपराच्या पत्त्यावर. बिल भरलं नाही म्हणून दंड, दंडावर व्याज, व्याजावर पुन्हा दंड. पीठ झाकून ठेवलं की आपोआप फुगतं, तसं.

नवरा हसायला लागला आणि तिचं तोंड बघून थांबला.

दुसऱ्या दिवशी तिने कार्डवाल्यांना फोन केला.

"खातं बंद करण्याची विनंती आमच्याकडे आलेली नाही, मॅडम."

"अहो, जाळलं मी ते!"

"त्याची नोंद आमच्याकडे नाही, मॅडम."

वर त्या माणसाने गोड आवाजात सुचवलं, की निम्मे भरा, आपण तडजोड करून टाकू. तिचा जीव मोहात पडला. पण तिने आधी बँकेतल्या बाईला विचारलं. बाई म्हणाली, "तडजोड केलीत तर रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं जाईल, आणि पुढचा सावकार ते वाचून दोन पावलं मागे सरकेल. थोडा दंड माफ होतो का बघा, पण राहिलेलं पूर्ण भरा, खातं बंद केल्याचं पत्र घ्या, पत्ता बदला. नोंद खोटी असती तर तक्रार करून दुरुस्त झाली असती. ही खरी आहे. ती हळूहळूच फिकी होईल. काही महिन्यांनी पुन्हा या. हे पत्र दाखवा, मग मी तुमचा अर्ज स्वतः पुढे ठेवते."

भट्टीवालीने तसंच केलं. थोडा दंड सोडवून घेतला, बाकीचे पैसे भरले. पत्र आलं, नव्या पत्त्यावर. मग ती इस्पितळाच्या मुकादमाला भेटली आणि खरं ते सांगितलं. नवी भट्टी येईपर्यंत पाव दोन खेपांत भाजते, निम्मे निम्मे, पण करपलेला एक येणार नाही. मुकादम कुरकुरला आणि कबूल झाला. त्या दिवसापासून ती तासभर लवकर उठू लागली.

एवढं सगळं मार्गी लागलं. एक राहिलं होतं. रविवारी गरम पाव फडक्यात गुंडाळून ती राघूच्या दुकानी गेली.

तो उलट्या सायकलपाशी बसून साखळी चढवत होता. तिला दारात बघून त्याचा हात थांबला.

"कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. मी आले."

"मग काय, तुला जामीन हवाय? या वेळी मी राहतो."

"गप बस. हात पूस आधी." तिने फोन उघडून त्याच्यापुढे धरला.

"हे काय? माझं प्रगतिपुस्तक?"

"तुझंच. पैकीच्या पैकी."

"आणि तुझं?"

"मी नापास." आणि तिने भट्टीच्या तड्याची, करपणाऱ्या डाव्या बाजूची आणि कार्डाची सगळी कथा सांगितली, पात्यापासून कुत्र्यापर्यंत. राघू इतका हसला, की शेजारचा कुलूपवाला डोकावून गेला. "जाळलं? ताई, तू कार्डाला अग्नी दिलास? मग राख तरी त्यांच्याकडे पाठवायचीस!" लहानपणीचा तोच आवाज, थांबवला तरी न थांबणारा. तीही हसली. मग तिने फोन पालथा ठेवला.

"राघू, मला वाटलं होतं तू हप्ते बुडवलेस. आताच नाही. सही केली तेव्हापासूनच. तू 'गेला' म्हणायचास आणि मला ते कधी खरं वाटलं नाही."

"माहीत होतं," तो म्हणाला.

"माहीत होतं, तर बोलला का नाहीस? भांडायचंस तरी."

त्याने पावाचा तुकडा मोडला, खाल्ला, खालची करपलेली बाजू बघून "डावीकडचा दिसतोय" म्हणाला. मग सायकलचं चाक हाताने फिरवलं. ते गरगर फिरत राहिलं. चाक मंदावत मंदावत थांबलं, तेव्हा चाकाकडेच बघत राघू म्हणाला,

"शेवटचा हप्ता भरला ना, ताई, त्याच्या पुढच्या महिन्यात मी त्या दिवशी सकाळी फोन हातात घेऊन बसलो होतो. तू काही केला नाहीस. बायको म्हणाली, कर्ज फिटलं, पेढे काय वाटायचेत ते वाट, तोंड काय पाडून बसलास? तिला काय सांगू? मला वाटत होतं, अजून एक कर्ज काढावं, लहानसंच, आणि तुझी सही मागावी. म्हणजे महिन्यातून एकदा तरी तू मला काहीतरी विचारशील."